तिजोरीतील रोजनिश्या आणि एका इतिहासकाराची साक्ष

१/
२३ एप्रिल १९८३, शनिवार. लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये एक लेख प्रसिद्ध झाला. ॲडॉल्फ हिटलरच्या स्वहस्ताक्षरातील रोजनिश्या सापडल्या असून त्या अस्सल आहेत, असा निर्वाळा त्यात दिला होता. लेखक होते ऑक्सफर्डचे माजी रीजियस प्राध्यापक ह्यू ट्रेव्हर-रोपर, म्हणजेच लॉर्ड डॅकर. अंक वाचकांच्या हाती पडत असतानाच खुद्द लेखकाची खात्री डळमळू लागली होती. तेरा दिवसांनी त्या रोजनिश्या बनावट ठरल्या. इतिहासकाराच्या नावाला वृत्तपत्रसृष्टीत केवढे वजन असते आणि त्या वजनाखाली तो स्वतःच कसा चिरडला जातो, याची ही कहाणी.

२/
प्रारंभ १९४५च्या उन्हाळ्यापासून करावा लागतो. बर्लिन पडले, पण हिटलरचे नेमके काय झाले हे जगाला ठाऊक नव्हते. जुलैमध्ये पोट्सडॅम परिषदेच्या वेळी स्टालिनने अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बर्न्स यांना सांगितले की हिटलर जिवंत असावा, कदाचित स्पेनमध्ये किंवा अर्जेंटिनात. ब्रिटिशांनीच त्याला आपल्या ताब्यातील प्रदेशात लपवले आहे, अशीही कुजबुज सोव्हिएत बाजूने सुरू झाली. अफवांना उत्तर द्यायचे तर पुरावा हवा होता. सप्टेंबरमध्ये हे काम एका एकतीस वर्षांच्या गुप्तवार्ता अधिकाऱ्यावर सोपवण्यात आले. युद्धापूर्वी तो ऑक्सफर्डमध्ये इतिहासाचा अभ्यासक होता.

३/
ट्रेव्हर-रोपर यांच्यापुढील अडचण मोठी होती. हिटलरचा वैयक्तिक सेवक लिंगे, वैमानिक बाउर हे महत्त्वाचे साक्षीदार सोव्हिएत कैदेत होते आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणे अशक्य होते. म्हणून त्यांनी बंकरच्या परिघावरील माणसे शोधली. मोटारचालक केम्पका, पहारेकरी कार्नाऊ, बोरमानची सचिव एल्से क्र्युगर. प्रत्येकाची साक्ष दुसऱ्याच्या साक्षीशी ताडून पाहिली. कोण कोठे उभे होते, कोणी काय डोळ्यांनी पाहिले आणि काय केवळ ऐकले, याची काटेकोर विभागणी केली. १ नोव्हेंबर १९४५ रोजी बर्लिनमध्ये जगभरच्या पत्रकारांसमोर निष्कर्ष मांडला गेला : ३० एप्रिलला हिटलरने आत्महत्या केली आणि त्याचे प्रेत जाळण्यात आले.

४/
त्यानंतर हिटलरच्या मृत्युपत्राची एक प्रत हाती लागली. बंकरमधून तीन माणसांबरोबर प्रती बाहेर पाठवल्या होत्या, असे निष्पन्न झाले. त्यांपैकी एक, मेजर योहानमायर, इसरलोन येथील घरी परतला होता. आपल्याकडे काहीही नाही, हे त्याचे ठरलेले उत्तर. ट्रेव्हर-रोपर प्रश्न विचारत राहिले, थकले नाहीत. अखेर त्या सैनिकाने ऐन हिवाळ्यात परसातील गोठलेली जमीन खणली आणि काचेच्या बाटलीत पुरलेले कागद बाहेर काढले. साक्षीदाराच्या पहिल्या उत्तरावर विसंबायचे नाही, ही सवय या तरुण इतिहासकाराच्या अंगी पुरेपूर मुरली होती.

५/
मार्च १९४७ मध्ये या तपासावरील ‘द लास्ट डेज ऑफ हिटलर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि अनेक भाषांत पोहोचले. दहा वर्षांनी सोव्हिएत कैदेतून सुटून आलेल्या साक्षीदारांनी जे सांगितले त्याने पुस्तकातील मुख्य निष्कर्षांना दुजोराच दिला. इतिहासकाराला याहून मोठी पावती क्वचितच मिळते. त्या दिवसापासून हिटलरविषयी काहीही नवे निघाले की वृत्तपत्रांचे संपादक एकच नाव आठवत. येथूनच ट्रेव्हर-रोपर हे केवळ प्राध्यापक न राहता सार्वजनिक अधिकारवाणी बनले.

६/
१९५७ मध्ये ते ऑक्सफर्डमध्ये आधुनिक इतिहासाचे रीजियस प्राध्यापक झाले. ‘संडे टाइम्स’मधून त्यांनी वर्षानुवर्षे लेखन केले. जेरुसलेममधील आइखमान खटला त्यांनी याच पत्रासाठी पाहिला. टॉइन्बी यांच्या विश्व-इतिहासाची त्यांनी निर्दय चिकित्सा केली. दुसऱ्या महायुद्धाच्या कारणांवरून ए. जे. पी. टेलर यांच्याशी १९६१ मध्ये त्यांचा वाद झाला आणि दोघे दूरचित्रवाणीवर समोरासमोर बसले. केनेडी हत्येसंबंधीच्या वॉरन आयोगाच्या अहवालावरही त्यांनी १९६४ मध्ये जाहीर टीका केली. विषय सतराव्या शतकाचा असो वा कालच्या घटनेचा, त्यांचे मत ही बातमी होत असे.

७/
या प्रभावाला काळी बाजूही होती. १९६३ मध्ये ससेक्स विद्यापीठातील त्यांची व्याख्याने बीबीसीने दूरचित्रवाणीवर दाखवली. आफ्रिकेला स्वतःचा असा इतिहास नाही, तेथे आहे तो युरोपीयांचा इतिहास, बाकी अंधार आहे, अशा आशयाचे विधान त्यांनी तेथे केले. नायजेरियाचे इतिहासकार केनेथ डिके यांचा नायजर त्रिभुज प्रदेशातील व्यापार आणि राजकारणावरचा ग्रंथ त्यापूर्वी सात वर्षे, १९५६ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. आफ्रिकेच्या इतिहासाला वाहिलेले केम्ब्रिजचे नियतकालिक १९६० पासून निघत होते. म्हणजे अंधार आफ्रिकेत नव्हता. वक्त्याच्या वाचनात होता. मात्र डिके यांचा ग्रंथ शेकडो अभ्यासकांपर्यंत गेला आणि ट्रेव्हर-रोपर यांचे वाक्य लाखो घरांत.

८/
हा प्रसंग पुढच्या कथेची जणू पूर्वसूचनाच होता. एखाद्या क्षेत्रात कष्टाने मिळवलेला अधिकार दुसऱ्या क्षेत्रात सहज उसना वापरता येतो. माध्यमांना ही उसनवारी सोयीची असते, कारण त्यांना ओळखीचा चेहरा हवा असतो. इतिहासकारालाही ती सुखावते. प्रश्न एवढाच उरतो की विधानामागचा अभ्यास तपासायचा कोणी?

९/
आणखी एक विरोधाभास येथेच नोंदवायला हवा. बनावट कागद ओळखण्यात ट्रेव्हर-रोपर अनभिज्ञ नव्हते. पेकिंगमध्ये राहिलेला इंग्रज विद्वान एडमंड बॅकहाउस याच्या आठवणींचे हस्तलिखित त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी त्याचा माग काढला आणि १९७६ मध्ये एक पुस्तकच लिहिले. ज्याच्या लेखनावर चीनच्या इतिहासाचे अनेक अभ्यासक विसंबले होते तो बॅकहाउस आयुष्यभर थापा आणि बनावट दस्तऐवज रचत आला होता, हे त्यांनी दाखवून दिले. सात वर्षांनी तेच स्वतः एका बनावट दस्तऐवजाचे जामीनदार झाले.

१०/
आता हॅम्बुर्गकडे वळू. ‘श्टर्न’ हे पश्चिम जर्मनीतील मोठ्या खपाचे सचित्र साप्ताहिक. त्याचा वार्ताहर गेर्ड हायडेमान नाझी काळातील वस्तूंच्या मागे वेडा झालेला होता. गोरिंगची जुनी नौकाही त्याने विकत घेतली होती. श्टुटगार्टमधील एका विक्रेत्याकडे हिटलरची रोजनिशी असल्याचे त्याच्या कानी आले. एप्रिल १९४५ मध्ये बर्लिनहून निघालेले एक विमान ड्रेस्डेनजवळच्या बर्नर्सडॉर्फ गावी कोसळले होते, हे सत्य होते. हायडेमानने गावातील थडगीही शोधून काढली. त्या विमानात रोजनिश्या होत्या, ही मात्र रचलेली गोष्ट. खोट्याला खऱ्याचा खांब मिळाला.

११/
तो विक्रेता म्हणजे कोनराड कुयाऊ. वह्या पूर्व जर्मनीतून चोरून आणाव्या लागतात, नाव फुटले तर तेथील माणसांच्या जिवावर बेतेल, असे तो सांगे. त्यामुळे मूळ स्रोताची चौकशीच बंद झाली. वास्तविक तो स्वतःच जुन्या वळणाच्या जर्मन लिपीत वह्या भरत होता. १९८१ ते १९८३ या काळात प्रकाशनसंस्थेने साठांहून अधिक वह्यांसाठी सुमारे ९३ लाख मार्क मोजले. आरंभी तर ‘श्टर्न’च्या संपादकांनाही अंधारात ठेवून व्यवस्थापनाकडून परस्पर पैसे घेतले गेले. जितकी रक्कम वाढत गेली, तितकी शंका घेण्याची इच्छा कमी होत गेली.

१२/
हस्ताक्षराची तपासणी झाली नाही असे नाही. तज्ज्ञांना रोजनिशीतील नमुने आणि तुलनेसाठी ‘अस्सल’ नमुने देण्यात आले. परंतु त्या अस्सल म्हणून दिलेल्या नमुन्यांतही कुयाऊच्याच हातचे कागद मिसळलेले होते. दोन्हींचे हस्ताक्षर जुळले यात नवल ते काय! एका अमेरिकी तज्ज्ञाला तर जर्मन भाषाही येत नव्हती. कुयाऊचे काही कागद याआधीच विद्वानांच्या ग्रंथांत शिरले होते. हिटलरच्या तरुणपणीच्या लेखनाचा संग्रह १९८० मध्ये संपादित करणारे एबरहार्ड येकेल असेच फसले होते. आपली चूक त्यांनी पुढच्याच वर्षी कबूल केली. धोक्याची घंटा वाजली होती. ऐकणारे कान मात्र नव्हते.

१३/
‘श्टर्न’ने जागतिक हक्क विकायला काढले. रूपर्ट मर्डॉक यांनी १९८१ मध्येच ‘द टाइम्स’ आणि ‘संडे टाइम्स’ विकत घेतले होते. त्यांना हा सौदा हवा होता. सौद्याआधी कुणीतरी अधिकारी व्यक्तीने वह्या पाहणे आवश्यक होते. ट्रेव्हर-रोपर हिटलरचे जाणकार तर होतेच, शिवाय १९७४ पासून त्याच वृत्तपत्रसमूहाचे स्वतंत्र संचालकही होते. निवड जणू आपोआप झाली. परीक्षक आणि परीक्षेच्या निकालावर ज्यांचा नफा अवलंबून आहे ते, यांच्यात अंतर असावे, हा साधा नियम कुणाला आठवला नाही.

१४/
८ एप्रिल १९८३ रोजी ते झुरिकमधील बँकेत गेले. गुप्ततेच्या अटीमुळे इतर जाणकारांचा सल्ला घेण्याची वाट बंद होती. समोर वह्यांची चळत. सोबत हिटलरची म्हणून दाखवलेली चित्रे, पत्रे, टिपणे. कागदाची रासायनिक तपासणी झाली असून तो योग्य काळातला आहे, असे त्यांना सांगण्यात आले. मूळ कागद बाळगणारा लष्करी अधिकारी ‘श्टर्न’ला ठाऊक आहे, असेही सांगण्यात आले. दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हत्या. त्यांना जर्मन येत असे, पण ती जुनी लिपी सहजी वाचता येत नसे. मोडी न येणाऱ्या मराठी वाचकापुढे पेशवे दप्तराचा रुमाल उघडावा, तशीच ती अवस्था.

१५/
मग त्यांना पटले ते कशामुळे? संख्येमुळे. बनावटगिरी करणारा पाचसहा वह्यांवर थांबेल, साठ वह्या कशाला रचेल, हा त्यांचा तर्क. सोबतच्या साहित्याने तो तर्क पक्का केला. एकमेकांना आधार देणारा एवढा संग्रह खोटा असूच शकत नाही, असे त्यांना वाटले. पण एकाच माणसाने सारे रचले असेल तर त्यातील वस्तू एकमेकींना आधार देणारच. १९४५ मध्ये त्यांनी परस्परांशी संबंध नसलेल्या साक्षी ताडून पाहिल्या होत्या. झुरिकमध्ये त्यांनी एकाच साक्षीदाराची साक्ष साठ वेळा ऐकली.

१६/
वृत्तपत्राला निकाल तातडीने हवा होता आणि त्यांनी अनुकूल मत दिले. २२ एप्रिलला ‘श्टर्न’ने शोध जाहीर केला. नाझी राजवटीचा इतिहास मोठ्या प्रमाणावर नव्याने लिहावा लागेल, अशी गर्जना झाली. दुसऱ्या दिवशी ‘द टाइम्स’मधील त्यांचा लेख आला. हिटलर सहसा स्वहस्ते लिहीत नसे, ही प्रस्थापित समजूत आता सुधारावी लागेल, असे त्यांनी सूचित केले. ज्ञात माहितीशी कागद जुळत नाही म्हणून कागदावर संशय घेण्याऐवजी त्यांनी ज्ञात माहितीवरच संशय घेतला. जगभरच्या वृत्तसंस्थांनी बातमी उचलली. त्यांचे नाव आता प्रत्येक मथळ्याच्या आसपास होते.

१७/
परंतु लेख देऊन झाल्यावर, दडपण उतरल्यावर, त्यांच्यातील जुना तपासनीस जागा झाला. शनिवारी सकाळी त्यांनी ‘द टाइम्स’चे संपादक चार्ल्स डग्लस-होम यांना दूरध्वनीवरून आपल्या शंका कळवल्या. ही माहिती सहोदर पत्रापर्यंत पोहोचलीच नाही. त्या संध्याकाळी ‘संडे टाइम्स’च्या कचेरीत उद्याच्या अंकाचा आनंद साजरा होत होता. संपादक फ्रँक जाइल्स यांनी टीकाकारांना उत्तर देणारा लेख मागण्यासाठी ट्रेव्हर-रोपर यांना दूरध्वनी केला, तेव्हा पलीकडून ऐकू आली ती माघार. मर्डॉक यांना विचारण्यात आले. डॅकर यांना बाजूला ठेवा आणि छापा, असा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ होता. मूळ शब्द याहून पुष्कळ उग्र होते.

१८/
येथे एक तपशील विशेष बोलका आहे. हेच ‘संडे टाइम्स’ १९६८ मध्ये मुसोलिनीच्या बनावट रोजनिश्यांच्या सौद्यात पोळले होते. तो कटू अनुभव ठाऊक असलेले पत्रकार फिलिप नाइटली यांनी या वेळी लेखी टिपण देऊन सावध केले होते. तरी छपाई थांबली नाही. ज्या इतिहासकाराच्या होकारावर सौदा उभा राहिला, त्याच इतिहासकाराच्या नकाराला आता किंमत नव्हती. माध्यमांना त्याचे ज्ञान नको होते. हवे होते ते नाव, आणि ते छापून झाले होते.

१९/
२४ एप्रिलला हॅम्बुर्गमध्ये ट्रेव्हर-रोपर यांनी हायडेमानची तासाभराहून अधिक उलटतपासणी केली. वह्या नेमक्या कोणाकडून आल्या, याची उत्तरे बदलू लागली. १९४५ मधल्या ब्रिटिश अधिकाऱ्यासारखे वागत आहात, असा त्रागा हायडेमानने केला. आरोप खरा होता. फक्त ते वागणे पंधरा दिवस उशिरा सुरू झाले होते. २५ तारखेला ‘श्टर्न’च्या पत्रकार परिषदेत, जगभरच्या कॅमेऱ्यांसमोर, ज्यांनी ग्वाही द्यायची त्यांनीच शंका व्यक्त केली. बातमीच्या घाईत इतिहासाच्या पडताळणीची नेहमीची रीत बाजूला पडली, याबद्दल त्यांनी खेद प्रकट केला.

२०/
त्याच सभागृहात डेव्हिड अर्व्हिंगने ध्वनिक्षेपक बळकावून रोजनिश्या बनावट असल्याचे ओरडून सांगितले आणि शाईची तपासणी झाली का, असे विचारले. पुढे ज्यूंच्या संहारालाच नाकारणारा म्हणून न्यायालयात उघडा पडलेला हा लेखक त्या दिवशी कॅमेऱ्यांपुढे सत्याचा कैवारी ठरला. प्रामाणिक विद्वानाने घाई केली की त्याची मोकळी झालेली जागा कोण बळकावतो, याचे याहून विषण्ण करणारे उदाहरण सापडणे कठीण.

२१/
६ मे रोजी पश्चिम जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराने निर्णय दिला. कागदात युद्धानंतरच वापरात आलेले शुभ्रक होते, बांधणीत कृत्रिम धागे होते. मजकुराचा मोठा भाग माक्स डोमारुस यांनी संपादित केलेल्या हिटलरच्या भाषणसंग्रहातून उचललेला होता, तोही त्यातील चुकांसकट. काही वह्यांवर तर ‘ए एच’ ऐवजी ‘एफ एच’ अशी अक्षरे डकवलेली होती. त्या जुन्या वळणाच्या लिपीत ए आणि एफ सारखेच दिसतात. पाहणाऱ्या कुणाच्याच लक्षात ते आले नव्हते. ‘श्टर्न’च्या दोन मुख्य संपादकांनी पद सोडले. जुलै १९८५ मध्ये हायडेमानला चार वर्षे आठ महिन्यांची आणि कुयाऊला साडेचार वर्षांची शिक्षा झाली.

२२/
हे सारे विनोदी वाटावे असे आहे. पण वह्यांतील मजकूर विनोदी नव्हता. त्यात रंगवलेला हिटलर ज्यूंच्या संहारापासून जणू अलिप्त, आपल्या माणसांच्या कृत्यांविषयी अनभिज्ञ असा होता. २०२३ मध्ये जर्मन नभोवाणीसंस्था एनडीआरने संपूर्ण मजकूर अभ्यासकांच्या टिपणांसह खुला केला, तेव्हा ही रंगसफेदी किती पद्धतशीर होती ते स्पष्ट झाले. वह्या टिकल्या असत्या तर गुन्हेगाराच्या बचावाचा एक दस्तऐवज जगातील सर्वांत प्रतिष्ठित इतिहासकारांपैकी एकाच्या शिक्क्यासह ग्रंथालयांत जाऊन बसला असता.

२३/
साखळी पाहावी : हस्ताक्षरतज्ज्ञ ‘श्टर्न’ने दिलेल्या नमुन्यांवर विसंबले, ‘श्टर्न’ तज्ज्ञांवर विसंबले, इतिहासकार ‘श्टर्न’च्या शब्दावर, वृत्तपत्र इतिहासकारावर आणि वाचक वृत्तपत्रावर. प्रत्येक जण दुसऱ्याने शहानिशा केली आहे असे समजून चालला. मूळ कागदापर्यंत, त्याच्या शाईपर्यंत, तो आला कोठून या प्रश्नापर्यंत कुणीच गेले नाही. आज एखादे ‘दुर्मीळ पत्र’ भ्रमणध्वनीवर फिरू लागते, तेव्हा ही साखळी याहून लांब असते आणि तिच्या टोकाला ट्रेव्हर-रोपर यांच्याइतकाही जाणकार नसतो.

२४/
ट्रेव्हर-रोपर यांनी चूक झाकली नाही. इतक्या घाईने मत देण्यास आपण नकारच द्यायला हवा होता, हे त्यांनी मान्य केले. वीस वर्षांनी, २६ जानेवारी २००३ रोजी, त्यांचे निधन झाले. मृत्युलेखांत सतराव्या शतकावरील त्यांचे निबंध होते, १९४५ चा तपास होता, पण त्या रोजनिश्यांना वगळून एकही लेख पुरा होऊ शकला नाही. इसरलोनमध्ये नकार देणाऱ्या माणसासमोर ते ठाण मांडून बसले, तेव्हा खरे कागद जमिनीतून निघाले. झुरिकमध्ये सारे काही आधीच मांडून ठेवलेले होते. विचारायचे राहिले ते प्रश्न.

(समाप्त)